नीतीचे अधिष्ठान आणि उत्क्रांतिवाद : आगरकर, टिळक व आंबेडकर

विज्ञान, विशेषतः उत्क्रांतिवाद, धर्म व नीती यांना आधार देऊ शकतो काय, हा प्रश्न मराठी विचारविश्वात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) आणि लोकमान्य टिळक (१८५६-१९२०) यांची त्यावरील उत्तरे परस्परविरोधी मानली जातात. वऱ्हाडास दोघेही परके नाहीत. आगरकरांचे शालेय शिक्षण अंशतः अकोल्यास झाले. तर यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी टिळकांवर रचलेल्या 'श्रीतिलकयशोऽर्णवः' या संस्कृत महाकाव्यास १९७३ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आगरकरांवर मिल व हर्बर्ट स्पेन्सर यांचा प्रभाव होता. 'देवतोत्पत्ति' या निबंधात देवकल्पना मानवी अज्ञान व भय यांतून कशी घडत गेली, याची मीमांसा आढळते. तिचे सामर्थ्य निर्विवाद आहे. मर्यादा मात्र अभ्यासकांनी क्वचितच तपासली. एखाद्या समजुतीचा उगम सांगितल्याने तिची सत्यासत्यता ठरत नाही. देवकल्पना भयातून उपजली म्हणून ती त्याज्य, तर करुणा जीवनकलहातून उपजली म्हणून तीही त्याज्य ठरावी काय? शिवाय त्याच कलहातून क्रौर्यही उपजले आहे. दोहोंतून निवड कोणत्या निकषावर करावयाची, हे उत्क्रांती सांगत नाही. डार्विनचा खंदा पुरस्कर्ता टी. एच. हक्सले याने १८९३ मध्ये ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात हेच बजावले होते : समाजाची नैतिक प्रगती निसर्गक्रमाचे अनुकरण करून नव्हे, तर त्यास प्रतिकार करून होते.

आगरकरांचे बालविवाह व केशवपन यांविषयीचे लेखन वाचले असता एक गोष्ट ध्यानात येते. तेथे युक्तिवादाचा भार स्पेन्सरवर नाही. तो स्त्रीच्या प्रत्यक्ष दुःखावर व समान माणुसकीवर आहे. आगरकरांची नीती त्यांच्या तत्त्वज्ञानाहून भक्कम होती, असे म्हणावे लागते.

मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त टिळकांनी उत्क्रांतिवाद नाकारला नाही. सांख्यांच्या सृष्टिक्रमाची डार्विन व हेकेल यांच्या मतांशी त्यांनी तुलना केली. मात्र आधिभौतिक सुखवादाचे परीक्षण करून नीतीचे मूळ त्यांनी आत्मौपम्यात, म्हणजे सर्वांभूती एकच आत्मा या जाणिवेत, शोधले. कार्यकारणाचा प्रश्न व कर्तव्याचा प्रश्न त्यांनी वेगळे ठेवले, हे मोठेच श्रेय. परंतु या अधिष्ठानातून विशिष्ट आचरण निघते काय? मुलींच्या संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेणाऱ्या १८९१ च्या विधेयकास आगरकरांचा पाठिंबा होता, टिळकांचा विरोध. टिळकांचा मुख्य आक्षेप परकीय सरकारच्या हस्तक्षेपास होता आणि ग्रंथ बऱ्याच नंतरचा आहे, हे मान्य करावयास हवे. तथापि एकात्मतेचे तत्त्व शतकानुशतके शिकविणाऱ्या समाजात अस्पृश्यता नांदली, या वस्तुस्थितीला 'गीतारहस्या'त पुरेसे उत्तर नाही. ब्रह्मतत्त्वातून समतेचा समाज का उभा राहिला नाही, हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रश्न नेमका येथेच लागू पडतो.

आंबेडकरांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथाकडे या वादाच्या संदर्भात फारसे पाहिले गेले नाही, हे नवल आहे. त्यात ईश्वराचे स्थान नीतीला दिले असून, माणसाने माणसावर प्रेम करण्याच्या निकडीतून ती उद्भवते, असे प्रतिपादन आहे. जीवनकलहाचा उल्लेखही तेथे येतो, पण आधार म्हणून नव्हे. कलहात टिकतो तो बलिष्ठ; तोच श्रेष्ठ असेल असे नाही. संरक्षण मिळाल्यास दुर्बळही समाजाच्या ध्येयांस अधिक उपकारक ठरू शकतो. म्हणून नीतीला पावित्र्य व सार्वत्रिकता हवी. या मांडणीतही एक दुवा सैल आहे : निकड ही वस्तुस्थिती, पावित्र्य हे मूल्य, पहिलीतून दुसरे कसे निघते, हे पूर्णपणे उलगडत नाही. परंतु निसर्गाने वाऱ्यावर सोडलेल्या दुर्बळाला त्यांनी नीतिविचाराच्या केंद्रस्थानी आणले, ते स्पेन्सरच्या विचारात नव्हते आणि 'गीतारहस्या'तही नाही.