व्हिक्टर यांची साक्ष

'व्हँडल' म्हणजे विध्वंसक, हे समीकरण युरोपच्या भाषांत पक्के रुजले आहे. त्या नावावरून 'व्हँडॅलिझम' हा शब्द १७९४ साली रूढ केला तो फ्रान्सच्या बिशप ग्रेग्वार यांनी. परंतु त्या जमातीच्या क्रौर्याचे चित्र पाचव्या शतकातच, उत्तर आफ्रिकेतील वीटाचे बिशप व्हिक्टर यांनी लॅटिनमध्ये रंगवून ठेवले होते. आफ्रिकेतील छळाचा त्यांचा तीन खंडांचा इतिहास एकांगी ठरवून बाजूला सारला जातो. तो एकांगी आहेच. तरीही आम्हांस वाटते की, व्हिक्टर यांच्या मताविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा त्यांच्याच ग्रंथात आहे.

४२९ साली गायसेरिक राजाबरोबर समुद्र ओलांडून आलेले लोक म्हातारेकोतारे, मुले व गुलाम धरून ८०,००० होते, असे ते सांगतात. पुढच्या वर्षी, हिप्पोला वेढा पडलेला असताना, संत ऑगस्टीन निवर्तले. ४३९ मध्ये कार्थेज पडले, ४५५ मध्ये रोम लुटले गेले. व्हिक्टर हे सारे आक्रोशाच्या सुरात लिहितात आणि विशेषणांचा नुसता पूर लोटतो. पण रोमहून आणलेल्या बंदिवानांचा प्रसंग येताच लेखणी शांत होते. कार्थेजचे वृद्ध बिशप देओग्रातियास चर्चची सोन्याचांदीची पात्रे विकून त्यांना सोडवतात, दोन मोठ्या चर्चमध्ये खाटा मांडून, गवत अंथरून त्यांची सोय करतात आणि रात्रंदिवस रुग्णांपाशी फिरतात. ग्रंथातील हे सर्वोत्तम पान.

व्हँडलही ख्रिस्तीच होते; मात्र एरियसच्या मताचे, पुत्राला पित्याच्या बरोबरीचा न मानणारे. गायसेरिकचा पुत्र हुनेरिक ह्याने ४८४ साली कॅथलिकांविरुद्ध फर्मान काढले. व्हिक्टर ते समग्र उतरवून देतात. त्यात राजा उघड सांगतो की, सम्राटांनी पाखंड्यांसाठी केलेले कायदेच आपण कॅथलिकांवर उलटवीत आहोत. सर्वोच्च दर्जाच्या माणसास ५० पौंड सोन्याचा दंड. ४१२ साली दोनातिस्तांविरुद्धच्या कायद्यात होता तोच! व्हिक्टर संतापतात, पण ह्या मुद्द्याला उत्तर देत नाहीत. येथे ग्रंथ उणा पडतो. मात्र फर्मान त्यांनी गाळले नाही, हे विसरून चालणार नाही.

व्हँडल वेषातील कितीतरी माणसे राजवाड्यात चाकरी करीत आणि कॅथलिक चर्चमध्ये येत, हेही आपल्याला व्हिक्टरच सांगतात. हुनेरिकने त्यांच्यासाठी चर्चच्या दारात छळणारे उभे केले. विशेषणांनी उभारलेली दोन जमातींमधली भिंत अशा तपशिलांनी ढासळत जाते.

राज्याचा अंत व्हिक्टर यांच्या ग्रंथात नाही. त्यासाठी ग्रीक इतिहासकार प्रोकोपियस यांच्याकडे जावे लागते. ५३३ साली सम्राट जस्टिनियनचा सेनापती बेलिसारियस ह्याने कार्थेज घेतले. शेवटचा राजा गेलिमेर डोंगरात कोंडला गेला असता त्याने शत्रूकडे एक भाकरी, डोळे पुसायला एक स्पंज आणि एक वीणा मागितली. ५३४ मध्ये तो कॉन्स्टॅन्टिनोपलला बंदिवान म्हणून नेला गेला. सम्राटाने त्याला गलातियात जमिनी दिल्या. 'पॅट्रिशियन' ही पदवी मात्र दिली नाही, कारण गेलिमेर आपले एरियन मत सोडावयास तयार नव्हता.