बर्लिनचा उन्हाळा आणि परदेशातला मल्लखांब

आम्हा फर्दापूरकरांना परदेशी गेलेल्या कलेची काळजी वाटते, आणि ती उगीच नाही. अजिंठ्याची लेणी आमच्या उशाशी. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे राबून तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या; त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी घेऊन आले. त्यांनी केलेल्या प्रतींपैकीही कित्येक १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. कापडावर नेलेल्या कलेचे हे असे झाले. अंगात भिनवून नेलेल्या कलेचे काय झाले, हे पाहायला मात्र १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला जावे लागते.

त्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदाच पदकाचा खेळ म्हणून आला. १४ ऑगस्टचा अंतिम सामना उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानावर, भर पावसात झाला. चिखलात चेंडूला टप्पाच मिळेना. अमेरिकेने कॅनडाला १९–८ असे हरवले. आजच्या हिशेबाने एवढे गुण पहिल्या काही मिनिटांतच होतात. १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू करणारे जेम्स नेस्मिथ तेव्हा बर्लिनमध्ये होते. दुसऱ्याच दिवशी ध्यानचंद यांच्या संघाने हॉकीत जर्मनीला ८–१ असे धुतले. तो सामना आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे.

पण त्याच उन्हाळ्यात त्याच शहरात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही होते. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या या आखाड्याच्या तरुणांनी तिथे हुतूतू खेळून दाखवला, मल्लखांब करून दाखवला. पदक नाही, गुणफलक नाही, राष्ट्रगीत नाही. देश पारतंत्र्यात असताना वऱ्हाडातल्या आखाड्याने जगासमोर अंग उघडे करून उभे राहावे, ही गोष्ट मला त्या ८–१ इतकीच मोठी वाटते.

हुतूतूचे पुढे भले झाले. कबड्डी या नावाने तो १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पोहोचला आणि २०१४ पासून तर व्यावसायिक लीगही आली. मल्लखांबाचे तसे नाही. त्याला समोर प्रतिस्पर्धी नसतो. असतो तो सागवानी किंवा शिसवी खांब आणि त्याला चोळलेले एरंडेल. साधी अढी घ्या. खांब हातांनी धरायचा, पाय उलटे वर फेकायचे, मांड्यांनी खांब आवळायचा आणि मग हात सोडायचे. मुलाचे डोके खाली, जमीन वर. हात सोडण्याच्या त्या क्षणी पोर गुरुजींकडे बघते. तो धीर पुस्तकातून किंवा चित्रफितीतून देता येत नाही. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी धरायची, तिथली कातडी सोलवटते, आणि ते सोसायलाही शेजारी कुणीतरी उभे लागते.

म्हणूनच न्यू जर्सीत, जर्मनीत हे शिकवणाऱ्यांचे मोल मी फार मानतो. दादरच्या शिवाजी पार्कवरील समर्थ व्यायाम मंदिरातून उदय देशपांडे यांनी देशोदेशी प्रशिक्षक घडवले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, तेव्हा १५ देशांचे खेळाडू उतरले होते. त्यांत मराठीचा गंधही नसलेले कितीतरी परदेशी होते, आणि तेही आपल्या मुलांसारखीच अढी घेत होते.

आपल्या मराठी मंडळाला एक विनंती आहे. वार्षिक कार्यक्रमात मल्लखांबाला नाच आणि जेवण यांच्या मधली दहा मिनिटे देऊ नका. चांगला अर्धा तास द्या, मुलांना पुढच्या रांगेत बसवा, आणि सलामी होण्याआधी त्यांना अमरावतीच्या त्या पथकाबद्दल सांगा.