कार्निव्हलमधील प्रेक्षक : अर्ल लव्हलेस यांच्या एका कादंबरीचा विचार

कार्निव्हलविषयक साहित्यचर्चेवर मिखाइल बाख्तीन यांच्या राब्लेवरील ग्रंथाची (१९६५) छाया फार दाट पडली आहे. प्रस्थापित व्यवस्थेचे तात्पुरते विसर्जन, उच्चनीच भेदांचा लोप आणि करणारा व पाहणारा यांचे ऐक्य ही सूत्रे अभ्यासकाच्या लेखणीतून जणू आपोआपच उतरतात. बाख्तीन यांच्या मते कार्निव्हल कोणी पाहत नसतो. सर्वजण तो जगत असतात. मध्ययुगीन युरोपच्या बाजारचौकातून निघालेले हे सूत्र कॅरिबियन बेटांना कितपत लागू पडते, हा प्रश्न 'द ड्रॅगन कान्ट डान्स' (१९७९) ही लव्हलेस यांची कादंबरी वाचताना टाळता येत नाही. कारण येथे एक मनुष्य कार्निव्हलच्या काठाशी केवळ पाहत उभा आहे, आणि तो भारतीय वंशाचा आहे.

त्रिनिदादमध्ये कार्निव्हल आला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे वसलेल्या फ्रेंच मळेवाल्यांबरोबर. गोव्यातील इंत्रूजप्रमाणे तोही ईस्टरपूर्व उपवासकाळाच्या आधीचा कॅथलिक सण. परंतु १८३८ मध्ये गुलामगिरीतून पूर्णपणे सुटलेल्या आफ्रिकी लोकांनी तो आपलासा केला, तेव्हा त्याचा अर्थच पालटला. मळ्यातील उसाला आग लागली की गुलामांना मशालींच्या उजेडात हाकून नेत. त्या स्मृतीचे 'कॅनबुले' हे नाट्यरूप मिरवणुकीत आले. १८८१ मध्ये ते मोडू पाहणाऱ्या पोलिसांशी पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यावर झुंज झाली. १८८४ मध्ये मशाली, ढोल आणि लाठीधारी जमाव यांवर कायद्याने निर्बंध आले. ढोल गेले तेव्हा बांबू आले. विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत बांबूंच्या जागी पत्र्याचे डबे व तेलाची पिंपे येऊन त्यांतून स्टीलपॅन हे वाद्य घडले. येथे व्यवस्था आपणहून चार दिवस बाजूला सरत नाही. तिच्याशी झगडून प्रत्येक नाद मिळवावा लागलेला आहे.

हा उत्सव समुद्रापार गेला तेव्हा उपवासकाळाशी असलेला त्याचा सांधाही निखळला. १९५८ च्या नॉटिंग हिलमधील वर्णद्वेषी दंगलींनंतर क्लॉडिया जोन्स यांनी ३० जानेवारी १९५९ रोजी लंडनच्या सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये, म्हणजे चार भिंतींच्या आत, कार्निव्हल भरविला. रस्त्यावर होणारा आजचा नॉटिंग हिल कार्निव्हल ऑगस्टअखेरच्या सुटीत येतो. ब्रुकलिनमधील मिरवणूक सप्टेंबरच्या आरंभी, कामगारदिनी निघते. चर्चच्या पंचांगाची जागा नोकरदारांच्या सुट्यांनी घेतली. अशा ठिकाणी उत्सवाचे प्रयोजन उपवासापूर्वीची मोकळीक हे राहत नाही. या नगरात आपणही आहोत, हे इतरांना दिसावे, हे होते. लव्हलेस यांची कादंबरी मायदेशातच घडते, तथापि तिचाही कणा हीच दिसण्याची भूक आहे.

कॅल्व्हरी हिल या गरीब वस्तीतील ऑल्ड्रिक प्रॉस्पेक्ट वर्षभर दुसरे काही करीत नाही. तो ड्रॅगनचा पोशाख शिवतो. या शिवणकामाची वर्णने कादंबरीतील सर्वोत्कृष्ट भाग होत. प्रत्येक खवल्यात पूर्वजांच्या कथेचा एक धागा गुंफला जातो. दोन दिवस ऑल्ड्रिक आग ओकीत नगराला भेडसावतो, आणि भेडसावून झाल्यावर सर्व होते तसेच राहते. इतकेच असते तर कादंबरी बाख्तीन यांच्या सूत्राचे उदाहरण ठरली असती. परंतु ऑल्ड्रिकला या 'तात्पुरत्या'चाच वीट येतो. स्टीलबँडना व्यापारी कंपन्यांचा आश्रय मिळतो, फिशआयसारख्या लढवय्याला उत्सवात स्थान उरत नाही, आणि अखेर दोघे काही साथीदारांसह पोलिसांची जीप पळवून नगरात फिरत राहतात. १९७० मधील त्रिनिदादच्या आंदोलनाची आठवण देणारे हे बंडही पुन्हा एक सोंगच ठरते. मात्र त्यापुढील न्यायालय व तुरुंग यांतील चिंतन काहीसे व्याख्यानवजा झाले आहे. शिवणकामाने जे सांगितले, तेच पात्रे पुन्हा बोलून दाखवितात.

पारियागची गोष्ट याहून अवघड आहे. ('प्रयाग' हे नाव या रूपात ओळखू येते.) ऊसमळ्याच्या मुलखातून पत्नी डॉलीसह तो शहरात येतो, शेंगदाणे व चणे विकतो, लोकांनी आपल्याकडे पाहावे म्हणून नवी सायकल घेतो, आणि ती मोडून टाकली जाते. मोडकी सायकल घेऊन तो वस्तीतून जातो, त्या क्षणी प्रथमच लोक त्याला पाहतात. ज्या उत्सवात सर्व एक असल्याची घोषणा दुमदुमते, तेथे हा शेजारी मोजलाच जात नाही. बाख्तीन यांच्या सूत्रातील 'सर्वजण' म्हणजे कोण, असा प्रश्न लव्हलेस यांनी एका सायकलच्या साहाय्याने उभा केला आहे.

पुढे पारियाग मनात खंत करतो की, आपण सतार वा बासरी घेऊन स्टीलबँडच्या अंगणात शिरावयास हवे होते. प्रसंग हृद्य आहे. पण सतार का? १८४५ ते १९१७ या काळात त्रिनिदादला गेलेल्या सुमारे १,४४,००० करारबद्ध मजुरांपैकी बहुसंख्य भोजपुरी-अवधी प्रदेशातील होते. त्यांची वाद्ये ढोलक, धनताल आणि ताशा. हा ताशा तेथे 'होसे' या मोहरमच्या मिरवणुकीत वाजत असे, आणि ज्या १८८४ साली कॅनबुलेवर निर्बंध आले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सान फर्नांडो येथे होसेच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. पिंप ठोकून सूर काढणारा आणि ताशा बडविणारा यांचा इतिहास असा कायद्याच्या धाकाखाली घडलेला आहे. ऑल्ड्रिकच्या खवल्यांत जशी पूर्वजांची कथा आली, तशी ती पारियागच्या हाती एखाद्या ताशातून येऊ शकली असती. सतारीने मात्र तो मळ्यातला मनुष्य न राहता दूरच्या भारताचा प्रतिनिधी होतो. लव्हलेस यांची सहानुभूती निःसंशय आहे. पण या एका ठिकाणी त्यांनीही पारियागला काहीसे बाहेरूनच पाहिले आहे.

असे असूनही दोघांच्या भेटीचा खोटा सोहळा त्यांनी मांडलेला नाही. तुरुंगातून सुटलेला ऑल्ड्रिक पारियागच्या नव्या दुकानासमोर क्षणभर थांबतो. पारियाग आतून त्याला पाहतो, तो आत येईल म्हणून वाट पाहतो. ऑल्ड्रिक आत जात नाही.