लाल बावटा कलापथकाच्या लोकप्रियतेत विनोदाचे स्थान : एक चिकित्सा

प्रस्तावना :
अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर या तीन शाहिरांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक स्थापन केले. या पथकाच्या लोकप्रियतेची मीमांसा करताना अमर शेख यांचा पहाडी आवाज आणि पथकाची वर्गजाणीव ही दोन कारणे प्रामुख्याने सांगितली जातात. विनोदाचा उल्लेख होतो तो प्रचाराची कडू गोळी गोड करणारे साधन म्हणून. हे मत अपुरे आहे. पथकाचा राजकीय आशय प्रेक्षकापर्यंत विनोदाच्या रूपातच पोहोचत होता, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

गौळण वगळल्याचा परिणाम :
अण्णा भाऊंनी तमाशा अंगी मुरवला तो चुलतभाऊ बापू साठे यांच्या फडात. गण, गौळण, बतावणी, वग ही त्याची घडण त्यांनी पुढे बदलली. गणातील गणेशवंदनेच्या जागी मायभूमी व श्रमिक आले आणि गौळण गळाली. या बदलाची चर्चा बहुधा पुरोगामी दृष्टीचे उदाहरण म्हणून होते. परंतु गौळण हे मावशी व पेंद्या यांच्या थट्टामस्करीचे हक्काचे ठिकाण होते. ते गेल्यावर हशा कोठून आणावयाचा, हा प्रश्न कलावंतासमोर उभा राहतो. अण्णा भाऊंनी तो भार वगावर टाकला. गवळणींची वाट अडवून होणाऱ्या थट्टेची जागा सावकार, शेटजी व पुढारी यांच्या फजितीने घेतली. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजीचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ ही शीर्षकेच पुरेशी बोलकी आहेत. ‘घोटाळे’ हा शब्द आडनावासारखा वाचता येतो आणि आरोपासारखाही.

पोवाडा आणि वग :
अण्णा भाऊंच्याच ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ (१९४३) या रचनेशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. पोवाड्यात श्रोता वीराकडे मान वर करून पाहतो. वगात तोच श्रोता शेटजीकडे वरून खाली पाहतो. दिवसभर मुकादमासमोर मान खाली घालणाऱ्या गिरणी कामगाराला रात्री न्यायाधीशाचे आसन मिळते. हास्यामुळे भय व अंतर नाहीसे होते, हे मिखाईल बाख्तिन यांचे राबलेविषयक विवेचन येथे लागू पडते. मात्र लाल बावट्याच्या तमाशात हशा हे संघटनेचे पहिले पाऊल होते. उत्सव संपताच विरणारी मोकळीक त्यात अभिप्रेत नव्हती.

‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत हेच तंत्र अधिक सूक्ष्म होते. मुंबईत आलेल्या नवऱ्याच्या लाडिक, खेळकर वर्णनात श्रोता रमतो आणि त्याच क्षणी विरह खंडित महाराष्ट्राचा होतो. त्यात उंबरगावचाही उल्लेख येतो. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील या तालुक्याचा बहुतांश भाग १९६० मध्ये गुजरातेत गेला. उमरोळीहून उत्तरेस जाणाऱ्या गाडीने उंबरगाव काही स्थानकांच्याच अंतरावर आहे. येथील वाचकाला ती वेदना नकाशात शोधावी लागत नाही.

मर्यादा :
या विनोदाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. शेटजी वारंवार मूर्ख ठरला की तो ठोकळेबाज होतो आणि प्रत्यक्षातील त्याची धूर्तता प्रेक्षकाच्या नजरेआड जाण्याचा धोका संभवतो. दुसरी अडचण छापील संहितेची आहे. सोंगाड्याची हजरजबाबी, सुरातील हेल, हशासाठी सोडलेली जागा यांपैकी काहीच कागदावर उतरत नाही. त्यामुळे केवळ संहितेवरून हा विनोद बाळबोध ठरविणे हा कलावंतावर अन्याय आहे.

समारोप :
अभ्यासक्रमात अण्णा भाऊ येतात ते बहुतांशी ‘फकिरा’चे लेखक व गंभीर क्रांतिकारक म्हणून. त्यांच्या हसण्याकडे दुर्लक्ष झाले की त्यांच्या प्रेक्षकाचीही ओळख पुसली जाते. तो प्रेक्षक उपदेश ऐकण्यासाठी बसलेला नव्हता. शेटजीची फजिती पाहून हसता हसता तो स्वतःचे मत बनवीत होता. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबांतील मुले जेथे शिकतात, तेथे तरी हे वग वर्गात केवळ वाचले जाऊ नयेत, ते उभे केले जावेत. विद्यार्थी कोठे हसतात, हे पाहिल्यावरच त्यांच्या समीक्षेला खरी सुरुवात होईल.