शेड्यूल की स्केड्यूल?

उच्चारावर जगात सगळ्यात गाजलेलं नाटक म्हणजे बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन'. १९१३ साली ते पहिल्यांदा व्हिएन्नात जर्मनमधून झालं, १९१४ साली लंडनला इंग्रजीत. पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली ते 'ती फुलराणी' म्हणून मराठीत आणलं आणि पांढरपेशा प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं. त्यावर कौतुक पुष्कळ लिहून झालं. आपण ते फुलवालीच्या बाजूने वाचलं पाहिजे.

एलायझा डूलिटल लंडनच्या रस्त्यावर फुलं विकते. बाप कचरा उचलणारा. हिगिन्स हा उच्चारशास्त्राचा पंडित. पावसाचा आडोसा घेऊन देवळाच्या ओसरीत थांबलेल्या लोकांचं बोलणं तो वहीत टिपतो आणि कोण कुठला ते तोंडावर सांगतो. लोकांना आधी वाटतं, हा पोलिसांचा खबऱ्या. शॉने इथे बरोबर नस पकडली आहे. बोलण्यावरून माणूस ओळखणारा साहेब गरिबाला पोलिसच वाटणार. तिकडे बोलण्यावरून गल्ली काढतात, इकडे जात काढतात.

मग पैज. काही महिन्यांत हिला डचेस म्हणून खपवतो, असं हिगिन्स म्हणतो. तिची जीभ घासूनपुसून काढतो. तिसऱ्या अंकात ती बड्या घरच्या दिवाणखान्यात बसते. उच्चार एकदम स्वच्छ. पण बोलते काय? मावशी म्हणे इन्फ्लुएंझाने मेली, पण एका हॅटपायी तिला लोकांनीच संपवली असणार! गरिबीतलं जिणं जसंच्या तसं, आणि पाहुण्यांना ती नवी फॅशन वाटते. माझ्या मते नाटकातला हा सगळ्यात जहाल प्रवेश. आवाज वरच्यांचा असला की मजकूर कसलाही चालतो. आवाज खालच्यांचा असला की खरंसुद्धा खोटं ठरतं.

आता हे 'शुद्ध' म्हणजे काय ते तपासू. शिकलेला इंग्रज 'हर्ब' म्हणतो, शिकलेला अमेरिकन 'अर्ब'. दोघंही बरोबर. तासाला इंग्रजीत 'अवर' म्हणतात, त्यातला एच लॉर्डसुद्धा गिळतो, ते शुद्ध. ईस्ट एंडचा मजूर 'हाऊस'चा 'आऊस' करतो, तो अडाणी. 'कार'मधला र लंडनचा साहेब सोडून देतो, ती खानदानी. न्यूयॉर्कात तोच र सोडला तर माणूस खालचा ठरतो. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६२ साली न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत हे मोजलं. 'चौथा मजला' एवढे दोनच शब्द त्याने तिथल्या नोकरांच्या तोंडून वदवून घेतले. जितकं दुकान महाग तितका र जास्त ऐकू आला. म्हंजे इज्जत त्या र मध्ये नाही. बोलणारा कुठल्या पायरीवर उभा आहे, त्यात आहे. उतरंडीची ही रीत आपल्याला कुणी शिकवायला नको.

'आस्क' या शब्दाचं बघा. अमेरिकेतले पुष्कळ काळे लोक 'ॲक्स' म्हणतात आणि गोरे हसतात. पण 'ॲक्स' जुन्या इंग्रजीपासून चालत आलेलं रूप आहे, चौदाव्या शतकातल्या चॉसरनेही ते वापरलं आहे. १९७९ साली मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या खटल्यात कोर्टाने शाळांना बजावलं, की काळ्या मुलांची घरची बोली ध्यानात घेऊन त्यांना वाचायला शिकवा. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली दलित पँथरचं नाव पडलं, त्यांच्याच समाजाची ही लढाई.

आपला 'इस्कूल' तरी काय वेगळा आहे? लॅटिन 'स्कोला'चं स्पॅनिशमध्ये 'एस्क्वेला' झालं. पुढे एक स्वर जोडला, बस्स. त्यांना कुणी गावंढळ म्हणत नाही, कारण त्यांच्यामागे राज्य होतं, आरमार होतं. आपल्यामागे फक्त मास्तरची पट्टी होती.

'ती फुलराणी' कमी पडते ती इथे. कॉकनीच्या जागी आपली रस्त्यावरची बोली आली, हिगिन्सच्या जागी प्राध्यापक जहागीरदार आले. पण इंग्लंडात वर्ग जिभेवर बसतो. इथे जात आडनावात, गावाच्या कडेला आणि शाळेच्या दाखल्यात बसते. मंजुळेने 'पाणी' आणि 'लोणी' कितीही घोटून म्हटलं तरी पुढचा प्रश्न ठरलेला: पूर्ण नाव काय? त्या प्रश्नापुढे जहागीरदारांची सगळी विद्या संपते. नाटक तिथवर जातच नाही. शॉची एलायझा निदान हे तरी सांगून जाते, की बाईसाहेब आणि फुलवाली यांत फरक त्यांच्या वागण्याचा नसतो, लोक त्यांना कसं वागवतात त्याचा असतो.

मित्रांनो, यावरून इंग्रजी नको असा अर्थ कुणी काढील तर तो आपला घात करील. इंग्रजी पाहिजेच. कायदा त्या भाषेत आहे, पगाराच्या नोकऱ्या त्या भाषेत आहेत. पण आपल्याच सभेत वस्तीतला पोरगा 'इस्टेज' म्हणाला म्हणून आपलेच कॉलेजवाले गालात हसतात, हे बंद झालं पाहिजे. हसणारा त्या घडीला हिगिन्सची वही हातात घेतो.

आणि ज्या शब्दाने सरकारने आपली यादी केली तोच शब्द घ्या. १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट' आलं, १९४२ साली बाबासाहेबांनी त्याच नावाने फेडरेशन काढलं. हा शब्द फ्रेंचांकडून इंग्रजीत आला तेव्हा 'स'ने सुरू व्हायचा. पुढे लंडनने 'शेड्यूल' धरलं, अमेरिकेने 'स्केड्यूल'. बाबासाहेब न्यूयॉर्कात शिकले आणि लंडनलाही शिकले. साहेबांचंच अजून एकमत नाही, तर आपल्या म्हातारीने 'शेडूल' म्हटलं म्हणून काय बिघडलं? तिला विचारायचं ते इतकंच, की त्या यादीने तुला काय काय दिलं पाहिजे ते ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर अभ्यासमंडळात आधी ते शिकवा. उच्चार नंतर बघू.