चांदण्यांचा तक्ता आणि ‘दिवास्वप्न’

निफाड तालुक्यातील एका शाळेत असताना मी चौथीच्या वर्गात चांदण्यांचा तक्ता लावला होता. वेळेवर येणे, नखे कापणे, महिनाभर रोज हजर राहणे या प्रत्येकासाठी नावापुढे एक चांदणी. डिसेंबरपर्यंत तक्ता छान भरला. मग द्राक्षांची खुडणी सुरू झाली. मळ्यात कामाला जाणाऱ्या आयांबरोबर धाकटी भावंडे सांभाळायला काही मुले जाऊ लागली आणि त्यांच्या नावापुढच्या ओळी कोऱ्या राहिल्या. परत आल्यावर त्यांतली एक मुलगी तक्त्याकडे पाठ होईल अशीच बसायची. छडी मी कधी वापरली नव्हती, पण शिक्षा मात्र झालीच होती. गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ त्यानंतर मी पुन्हा वाचायला घेतले.

मूळ गुजरातीत 1932 च्या सुमारास आलेले हे छोटे पुस्तक म्हणजे एक काल्पनिक कथा आहे. लक्ष्मीराम नावाचा शिक्षक वर्षभरासाठी चौथीचा वर्ग मागून घेतो. पहिल्या दिवशी शांततेचा खेळ साफ फसतो. मग तो गोष्ट सांगू लागतो आणि दंगेखोर वर्ग गप्प होतो. वर्ग शांत बसला म्हणून मिळालेले हे बक्षीस नव्हे, गोष्ट हाच अभ्यास आहे. हे पुस्तकाचे खरे बळ. पण गोष्टीच्या ओढीवर शिक्षक इतर कामेही उरकून घेतो, तेव्हा तिचा थोडासा खाऊ होतो. बक्षीस आणि शिक्षा दोन्हींना विरोध करणाऱ्या गिजुभाईंनी इथे जरा थांबायला हवे होते, असे मला वाटते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली 51 मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, ‘चित्र काढलेत तर सोनेरी चांदणीचे प्रशस्तिपत्र मिळेल.’ काहींना ते न सांगता नंतर दिले, काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिले, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढत होती. बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रेही सरासरीने कमी प्रतीची ठरली. अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची आवड मात्र टिकली. म्हणजे शाबासकी वाईट नाही, सौदा वाईट. जे काम मुलाला मुळीच आवडत नाही, तिथे बक्षिसाने निदान सुरुवात होते, हेही मान्य करायला हवे. नखे कापण्याची गोडी कुणाला उपजत असते?

‘दिवास्वप्न’ची मोठी उणीव दुसरीच आहे. त्यात वर्ग भरलेलाच असतो. न येणाऱ्या मुलाचे काय, हा प्रश्न लक्ष्मीरामला फारसा छळत नाही. ते प्रकरण गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला प्रत्यक्षात लिहिले. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी हजेरीला बक्षीस लावले नाही. त्यांनी शाळाच कुरणावर नेली. ‘कुरणशाळा’ हा शब्द त्यातूनच आला.

आमच्या तालुक्यात द्राक्षमळ्याच्या बांधावर असा वर्ग भरवता आला असता. मला ते तेव्हा सुचले नाही. मी फक्त तक्ता काढला.