सातारचा जाहीरनामा आणि मक्केचं पत्र : युद्धात दिलेली वचनं कशी वाचायची?

विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी विचारलं, की आसनगावात बसून मक्केच्या शरीफाला लिहिलेल्या पत्रांबद्दल काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. पण स्टेशनवरून दिसणारा हा माहुलीचा डोंगर बघा. १६३६ साली याच किल्ल्यात शहाजीराजे मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजांच्या वेढ्यात सापडले होते. लहानग्या निजामशहाला मोगलांच्या हवाली करायचं आणि आपण विजापूरच्या चाकरीत जायचं, या अटींवर तो वेढा उठला. पुढे जून १८१७च्या पुणे तहात दुसऱ्या बाजीरावाने कल्याण आणि त्याच्या उत्तरेचा गुजरातपर्यंतचा मुलूख कंपनीला लिहून दिला. आपण बसलो आहोत ती जमीन त्यात आली. तेव्हा युद्धाच्या धामधुमीत लिहिलेला कागद काय करू शकतो हे सांगायला ही जागा वाईट नाही.

आज मी इतिहास सांगणार नाही, कागद वाचणार आहे. कवितेची समीक्षा करताना जसा एकेक शब्द तपासतो, तसा.

पहिला कागद ११ फेब्रुवारी १८१८चा. कोरेगावची लढाई होऊन सहा आठवडे झालेत. बाजीराव पळतोय. साताऱ्याचा किल्ला आदल्या दिवशी जनरल स्मिथच्या हाती आलाय आणि एल्फिन्स्टन जाहीरनामा काढतो. त्याचा बराचसा भाग बाजीरावाच्या अपराधांचा पाढा आहे. मग येतात आश्वासनं : धर्मात हात घालणार नाही, वतनं, इनामं, देवस्थानं चालू राहतील, महसुलाचा मक्ता बंद होईल, बाजीरावाच्या चाकरीत असलेल्यांनी दोन महिन्यांत घरी परतावं, नाहीतर वतन जाईल. आणि त्यातच एक वाक्य छत्रपतींबद्दल. बाजीरावाच्या कैदेत असलेल्या महाराजांना सोडवून स्वतंत्र राज्यावर बसवण्यात येईल. केवढ्या राज्यावर? तर महाराज आणि त्यांचं कुटुंब सुखाने आणि इतमामाने राहू शकेल एवढ्या.

इथे थांबा. वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात 'स्वतंत्र राज्य' आहे, दुसऱ्या अर्ध्यात त्या राज्याचं माप. राज्याचं माप कशाने मोजायचं? मुलखाने, फौजेने, परंपरेने. इथे माप आहे कुटुंबाच्या इतमामाचं. म्हणजे पेन्शनचं माप राज्याला लावलंय! ऐकणाऱ्या मराठ्याच्या कानात पहिला अर्धा शिरला, आणि लिहिणाऱ्याने स्वतःला मोकळं ठेवलं ते दुसऱ्या अर्ध्यात. यात खोटं काहीच नाही. माझ्या मते त्या गद्याची ताकद आणि त्याची लबाडी दोन्ही इथेच आहेत.

आणखी एक गोष्ट. हे वचन दिलं तेव्हा महाराज इंग्रजांच्या ताब्यात नव्हतेच, ते बाजीरावाच्या लष्कराबरोबर फिरत होते. आष्टीची लढाई नंतर झाली, त्याच महिन्यात. तिथे बापू गोखले पडले आणि प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. म्हणजे जाहीरनाम्यातलं वचन महाराजांना उद्देशून नाहीच. ते बाजीरावाच्या सरदारांना आणि शिलेदारांना उद्देशून आहे : पेशव्याला सोडलंत म्हणून छत्रपतींशी बेइमानी होत नाही, उलट आम्हीच छत्रपतींच्या बाजूचे! ज्याच्या नावाने वचन द्यायचं तो एक, आणि ज्याच्यासाठी द्यायचं तो दुसराच. युद्धातली आश्वासनं वाचताना हे आधी पाहावं लागतं.

आता सप्टेंबर १८१९. युद्ध संपलंय, बाजीराव बिठूरला गेलाय. साताऱ्याशी तह होतो तो २५ तारखेला. त्यात मुलूख महाराजांना, त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना कायमच्या राज्याधिकाराने दिल्याचं कलम आहे. पण 'स्वतंत्र' हा शब्द विरघळून गेला. त्याच्या जागी आलं कंपनी सरकारशी दुय्यम सहकार्य, आणि सर्व बाबतींत इंग्रज वकिलाचा सल्ला. शिवाय परवानगीवाचून बाहेरच्या कुठल्याही संस्थानिकाशी किंवा सरदाराशी पत्रव्यवहार करायचा नाही, ही मूलभूत अट. दीड वर्षात एक विशेषण गेलं. गरज संपली की विशेषणं आधी जातात.

आता दुसरा कागद, जवळजवळ शंभर वर्षांनंतरचा. पहिल्या महायुद्धात इंग्रजांना तुर्कांविरुद्ध अरबांचं बंड हवं होतं. मक्केचा शरीफ हुसेन जुलै १८१५ नव्हे, जुलै १९१५मध्ये पत्र लिहून सीमा मागतो. (हशा) शतकांची गल्लत व्हावी इतकं साम्य आहे, म्हणून मुद्दाम म्हटलं. कैरोतला हाय कमिशनर सर हेन्री मॅकमहोन २४ ऑक्टोबर १९१५ला उत्तर देतो : अरबांचं स्वातंत्र्य मान्य करायला आणि त्याला पाठिंबा द्यायला ब्रिटन तयार आहे. पण दमास्कस, होम्स, हमा आणि अलेप्पो या 'जिल्ह्यांच्या' पश्चिमेचा सीरियाचा भाग निव्वळ अरबी म्हणता येत नाही, तो वगळला. आणि फ्रान्स या दोस्ताच्या हिताला बाध येणार नाही तिथपर्यंतच हे सगळं.

अरबीत त्या 'जिल्ह्यां'साठी 'विलायत' हा शब्द गेला, आणि विलायत म्हणजे तुर्की राज्यातला मोठा प्रांतही होतो. शब्दाचा अर्थ शहराभोवतीचा परिसर धरला तर पॅलेस्टाईन वगळलेल्या भागात येत नाही, कारण ते दमास्कसच्या दक्षिणेकडे पडतं. प्रांत धरला तर ते त्यात ओढता येतं. यावर नंतर कमिट्या बसल्या. ब्रिटनने हा पत्रव्यवहार अधिकृतपणे छापला तोच मुळी १९३९ साली. तोवर १९१६चा साइक्स-पिको करार आणि नोव्हेंबर १९१७चं बाल्फोर जाहीरपत्र होऊन जुनं झालं होतं.

हा मॅकमहोन कोण? कैरोला जाण्याआधी हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव. ईशान्येच्या मॅकमहोन रेषेतला तोच. म्हणजे संस्थानिकांशी कसं लिहायचं याचं वळण त्याला इथेच लागलेलं. आणि एडन? ते जानेवारी १८३९मध्ये इंग्रजांनी घेतलं आणि त्याचा कारभार कित्येक दशकं मुंबई सरकारने चालवला. त्याच मुंबई सरकारने त्याच वर्षी सप्टेंबरात प्रतापसिंहांना पदच्युत केलं. एचिसन नावाच्या अधिकाऱ्याने तहनामे आणि सनदांचे जे खंड संपादित केले, त्या एकाच मालेत साताऱ्याचा तहही आहे आणि अरबस्तानातल्या शेखांचे करारही. मला ही माला कादंबरीसारखी वाचायला आवडते. पात्रं बदलतात, वाक्यं तीच राहतात.

आपल्याकडे याबद्दल जे लिहिलं गेलं त्याबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. प्रबोधनकार ठाकऱ्यांचं 'प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी' हे १९४८चं पुस्तक. तळमळीने लिहिलेलं, वाचायलाच हवं असं. पण त्यात बाळाजीपंत नातू हा खलनायक इतका मोठा होतो की कागद दिसेनासा होतो. फितुरी झाली, मान्य. पण नातू नसते तर १८१९च्या तहातलं पत्रव्यवहाराचं कलम नसतं का? महाराजांवरचे आरोप बघा : गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या आप्पासाहेबांशी संधान. पुरावा खरा की रचलेला हा वाद आहेच. पण हे आरोप गुन्हा ठरतात ते त्या कलमामुळे. गंमत म्हणजे डेव्हिड लीनच्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या १९६२च्या सिनेमातही हेच होतं, उलट्या बाजूने. तिथे एका इंग्रज अधिकाऱ्याची टोचणी इतकी मोठी होते की शरीफाच्या हातातलं पत्र कुणी वाचतच नाही. एकाला गद्दार हवा, दुसऱ्याला पश्चात्ताप करणारा नायक.

आपल्याकडे वचनाची रीत वेगळी होती. कौल द्यायचा, बेलभंडार उचलायचा. वचन माणसाचं असे, शपथेने बांधलेलं. प्रतापसिंहांचा विश्वास ग्रँट डफवर आणि एल्फिन्स्टनवर होता, आणि तो अगदीच अस्थानी नव्हता. पण ग्रँट डफ १८२२ला साताऱ्याहून गेला, एल्फिन्स्टन १८२७ला मुंबईहून. मॅकमहोनही हुसेनशी पत्रव्यवहार सुरू झाल्यापासून दीड वर्षाच्या आत कैरोतून हलवला गेला. माणूस जातो, हुद्दा राहतो, आणि नव्या हुद्देदाराजवळ असतो फक्त कागद. त्या कागदात आपला अर्थ लिहिलेला नसेल तर तो कुठेच नसतो. शहापूर तालुक्याला हे वेगळं सांगायला नको. तानसा, वैतरणा, भातसा इथली आणि पाणी मुंबईला. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या पाड्यावर 'साहेबांनी तेव्हा सांगितलं होतं' हे वाक्य आजही ऐकू येतं. 'सांगितलं होतं' आणि 'लिहिलं होतं' यांतलं अंतर किती, ते तिथे कळतं.

माझ्याच म्हणण्याला छेद देणारा एक दाखलाही देतो, कारण तो अरबांचाच आहे आणि मराठी कागदाचा आहे. मालेगावचा किल्ला १८१८च्या उन्हाळ्यात अरब शिबंदीने लढवला, इंग्रजांची बरीच माणसं मारली आणि जूनमध्ये तो खाली केला. शरण येताना अरबांनी लेखी हमी मागितली. ती मराठीत लिहिली गेली, आणि कर्नल मॅकडॉवेलच्या मनात होतं त्यापेक्षा जास्त त्या कागदात उतरलं. वाद झाला. एल्फिन्स्टनने निर्णय दिला, की कागदाचा फायदा अरबांना मिळाला पाहिजे. तोच एल्फिन्स्टन, तेच वर्ष! मग सगळं कपटच होतं असं कसं म्हणणार? मला वाटतं, काहीशे शिपायांना दिलेला शब्द पाळणं परवडणारं होतं. राज्याच्या शब्दाचा हिशेब वेगळ्या वहीत होता. पण एल्फिन्स्टनच्या मनात प्रामाणिकपणा होता हेही नाकारता येत नाही, आणि नाकारू नये.

शेवटी प्रतापसिंहांना कागद कळला. ऑगस्ट १८३९मध्ये गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्याला आला. आरोप मान्य असल्याच्या कागदावर सही करा, गादी राहील, असा तो प्रस्ताव होता. महाराजांनी सही केली नाही. गादी गेली, काशीला रवानगी झाली, तिथेच १८४७मध्ये देह ठेवला. रंगो बापूजी चौदा वर्षं लंडनमध्ये भांडले ते याच तहाच्या कलमांवर बोट ठेवून. गादीवर बसवलेले धाकटे बंधू शहाजी एप्रिल १८४८मध्ये दत्तक घेऊन वारले, तेव्हा 'वारस आणि उत्तराधिकारी' या शब्दांवर खुद्द इंग्रजांतच जुंपली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क म्हणाला, तहाने राज्य कायमचं दिलंय, दत्तक मानला पाहिजे. डलहौसीने त्याचं ऐकलं नाही आणि राज्य खालसा केलं. हुसेनच्या नशिबीही फार वेगळं आलं नाही. १९२४मध्ये इब्न सौदच्या फौजा मक्केत शिरल्या. त्या इब्न सौदशीही इंग्रजांनी डिसेंबर १९१५मध्येच, म्हणजे हुसेनशी पत्रापत्री चालू असताना, वेगळा तह करून ठेवला होता.

वेळ झालीय. क्लार्क आणि डलहौसी यांचे शेरे शेजारी शेजारी ठेवून वाचायला एक वेगळी संध्याकाळ लागेल, ते पुढच्या वेळी. आता प्रश्न घेऊ.